चाळीस मेंदूंचा नकाशा

वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी मेंदूच्या घड्या मोजायचो, तेव्हाची गोष्ट. चाळीस धडधाकट माणसांच्या एमआरआयची सरासरी काढून आम्ही एक नकाशा केला होता, आणि मला त्याचा भलताच अभिमान. पेशंटची घडी त्याच्याशी जुळली नाही की मी लाल खूण करायचो. लाल खूण म्हणजे पुढे बहुधा ऑपरेशन.

रोहण्याचा एक शेतकरी लेकीला घेऊन आला. तिला झटके येत. कापसाचा धागा चिमटीत ताणून पाहावा, तसं तो बोलताना दुपट्ट्याचं टोक ताणत राही. पडद्यावर लेकीच्या दुभंगलेल्या घडीवर मी केलेली लाल खूण त्यानं बराच वेळ निरखली, मग शेजारच्या नकाशाकडे बोट केलं.

"आन हा बाजूचा मेंदू कोनाचा जी?"

"चाळीस जणांचा मिळून केलेला. तसा कुणाचाच नाही."

"मंग जो मानूसच नाई, त्याच्यासंगं माह्या पोरीले काऊन जोखून राह्यले तुमी?"

बापलेक गेल्यावर मी ते चाळीस मेंदू एकेक करून उघडले. तिच्यासारखीच दुभंगलेली घडी तिघांत निघाली. नकाशा करताना धडधाकट माणसं कमी पडली, तेव्हा आम्ही कर्मचारीच यंत्रात झोपलो होतो.

तिघांतला एक मेंदू माझा होता.