नेकनूरला राहिलेलं अर्धं पद

आमच्या नेकनुरात माईक माझ्या हातात आपोआप येतो. शाळेत मी चित्रकला शिकवतो, पण निरोप समारंभ असो, नव्या ट्रॅक्टरची पूजा असो की व्यायामशाळेचं उद्घाटन, सूत्रसंचालक मीच. माझ्या बायकोचं म्हणणं असं, की मी जेवण झाल्यावर पाटावरून उठतानासुद्धा ‘आता मी विनंती करतो’ असं म्हणतो. हे साफ खोटं आहे. मी बसताना म्हणतो.

यंदा वाचनालयाच्या वर्धापन दिनाला मोठा पाहुणा आणायचा असं ठरलं. ठरवलं आप्पांनी. आप्पा म्हणजे आमचे माजी सरपंच आणि वाचनालयाचे कायमचे अध्यक्ष. त्यांनी वाचनालयातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही, पण प्रत्येक पुस्तकावर त्यांच्या नावाचा शिक्का आहे. कार्यक्रम दसऱ्याच्या आसपास घ्यायचा, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत, नाहीतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात, एवढी एकच त्यांची अट होती.

मी एका गायिकेचं नाव सुचवलं. गायिका आणि नटीसुद्धा. त्यांची नाटकातली पदं माझ्या आईला पाठ होती, त्यांचे सिनेमे आम्ही जत्रेतल्या तंबूत पाहिले, आणि उतारवयात एका मालिकेत खाष्ट सासू होऊन त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राच्या शिव्या खाल्ल्या. नाटकवाले त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. मीही तेच म्हणतो. मी माझ्या सर्वोत्तम अक्षरात चार पानी पत्र लिहिलं, कडेने वेलबुट्टी काढली आणि विसरून गेलो, कारण एवढ्या मोठ्या बाई उत्तर देतील असं मलाही वाटत नव्हतं.

आठ दिवसांनी, सातवीच्या वर्गाला माठ काढायला शिकवत असताना फोन वाजला.

“नेकनूर म्हणजे ते बैलाचं गाव ना?” पलीकडून आवाज आला.

आमच्याकडे जनावरांचा बाजार भरतो, म्हणून मी म्हणालो, “हो, बैल बरेच आहेत.”

“बरेच नाही. एक होता. मला त्याचा हिशेब चुकता करायचाय. मी येते.”

त्या बैलाची गोष्ट मला कार्यक्रमाच्या दिवशी कळली. बाई आदल्या दिवशी बीडला येऊन उतरल्या होत्या. दुपारी मी माझी छोटी गाडी घेऊन त्यांना आणायला गेलो. पंचाहत्तरीच्या पुढच्या बाई, पण गाडीत अशा बसल्या जणू रथात बसल्या आहेत, आणि दार लावायची वाट बघत राहिल्या. मी धावत जाऊन लावलं.

त्यांचे वडील नाटक कंपनीत पडद्याआडून संवाद पुरवायचे आणि आई कपडेपट सांभाळायची. बाईंचा जन्म दौऱ्यावरचा. शेले-पैठण्यांच्या पेटीत झोपून त्या मोठ्या झाल्या. पाचव्या वर्षी बाळकृष्ण, बाराव्या वर्षी तीन नंबरची सखी. चौदाव्या वर्षी कंपनीने नेकनूरच्या बाजारतळावर तंबू ठोकला आणि दुपारच्या खेळाला मुख्य नटीला ताप भरला. सखीला राणी केलं. कंबरेला दोन उशा बांधल्या, पायाखाली फळी दिली आणि दरबारात उभं केलं.

“पदाचं पहिलं कडवं झालं,” बाई म्हणाल्या. “लोक चिडीचूप. दुसरं कडवं उचललं, तेवढ्यात बाजारातला एक बैल दावं तोडून तंबूत शिरला. मला वाटलं लोक पळतील. नाही हो. सगळे उठले आणि त्याच्याभोवती गोळा झाले. हा कुणाचा, दात किती, शिंगं कशी. अख्खं प्रेक्षागृह माझ्याकडे पाठ करून बैल बघत होतं. मी गात होते आणि खाली सौदा चालला होता.”

“मग?”

“मग काय. पद अर्धं राहिलं, पडदा पाडला. बैल मात्र विकला गेला.”

पुढे त्या मुंबईला गेल्या. दिग्दर्शकाने सांगितलं, आवाज चांगला आहे पण चेहरा नायिकेचा नाही, फार टक्क जागा दिसतो. “पहिल्या सात सिनेमांत मी मध्यंतराआधी मेले. एक गाणं म्हणायचं आणि मरायचं. आठव्याला मी म्हटलं, एकदा तरी लग्न लागू द्या.” लग्न लागलं, तो सिनेमा चालला, मग पंधरा वर्षं त्यांना मरायला सवड मिळाली नाही. शेवटी सिनेमा सोडून त्या परत नाटकात आल्या. पुरस्कारांच्या शाली इतक्या जमल्या की मोलकरणींपासून भाच्यांपर्यंत सगळ्यांची थंडी निघाली.

“तेच पद मी लंडनला म्हटलंय, कलकत्त्याला म्हटलंय,” त्या म्हणाल्या. “नेकनूरला मात्र अर्धंच आहे. ते पुरं करायचं आणि गाणं बंद. एक गोष्ट नीट ऐका, सर. माझा आवाज आता पाहुण्यासारखा झालाय. मी बोलावलं की येतो, तासभर बसतो आणि उठून जातो. परत बोलावला तर दोन दिवस येत नाही. आता पालीचं धरण दिसलं की मी त्याला बोलावणार. गावात पोचल्या पोचल्या मला गायला बसवा. आधी गाणं, मग तुमचं काय ते.”

मी शब्द दिला. पालीला बिंदुसरेचं पाणी दिसलं तशी बाईंनी हलकेच गुणगुणायला सुरुवात केली. मांजरसुंब्याच्या पुढे गाडीत एक चौदा वर्षांची मुलगी बसली आहे असं वाटायला लागलं. मी खड्डे चुकवत होतो, तेही समेवर.

आणि मांडवाच्या दारात आप्पा उभे होते. डोक्याला गुलाबी फेटा, हातात यादी.

आता आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. पाहुण्याचा सत्कार म्हणजे आमच्याकडे पाहुण्याजवळ उभं राहून आपला फोटो. प्रत्येकाने पाहुण्याला शाल घालायची आणि फोटोवाल्याकडे बघून तीन श्वास थांबायचं. यादीतून एखादं नाव सुटलं तर तो माणूस पुढची दोन वर्षं समोरून आला तरी दुसऱ्या गल्लीत वळतो. आप्पांच्या यादीत एकतीस नावं होती.

“आप्पा, आधी गाणं घेऊ,” मी कानात म्हणालो. “बाईंचा आवाज आता अर्धा तासच टिकेल.”

“घिऊ की. पण आधी सत्कार उरकून घिऊ. लोकं शाली घिऊन सकाळपून बसल्यात. त्यांना कावून थांबवायचं?”

“आप्पा, एकतीस हायेत.”

“तुमी नावं भराभरा घ्या. तुमीच लई लांबवता.”

दीप लावायला गेलो तर वाऱ्याने काड्यांची अर्धी पेटी खाल्ली. स्वागतगीत झालं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा विशेषणं न लावता नावं घ्यायला लागलो. पण पहिल्याच गृहस्थांनी, ‘सर, प्रगतशील शेतकरी म्हणा ना’ म्हणून मला थांबवलं. दुसऱ्याचा फोटो नीट आला नाही म्हणून त्याने शाल काढून परत घातली. तिसऱ्याने स्वतःबरोबर दोन मेव्हणे आणले. सहा सत्कार झाले तेव्हा वीस मिनिटं गेली होती. समोर बाया-बापड्या ताटकळत बसून होत्या. भजनी मंडळातले पेटीवाले मामा सूर धरून धरून घामाघूम झाले होते.

शालींच्या ढिगातून बाईंनी मान वर काढली आणि मला जवळ बोलावलं.

“सर, तो चपला शोधतोय.”

साठ वर्षांनी ही बाई अर्धं राहिलेलं पुरं करायला आली होती, आणि तेव्हा बैल होता तिथे आता आम्ही उभे होतो. मी यादी आप्पांच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच कुणी न मागता माईक सोडला. बाईंनी तो घेतला.

“मंडळी,” त्या म्हणाल्या, आणि मांडवातलं कुजबुजणं जागच्या जागी थांबलं. “मला गायचंय, पण मी राणी आहे. दरबाराशिवाय राणी गात नाही. आमच्या कंपनीत दरबारी अकराच होते, खर्च परवडत नसे. तुमच्याकडे पंचवीस शालवाले तयार दिसतात. सगळ्यांनी एकदम वर या. शाल स्वतःच्याच खांद्यावर घ्या. दरबारी तसेच बसतात.”

पंचवीस जण अशा वेगाने स्टेजवर आले, की खालची फळी कण्हली.

“आणि राजा पाहिजे. राजा भारदस्त हवा.”

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी नम्रपणे इकडेतिकडे पाहिलं आणि मधल्या खुर्चीत बसून घेतलं.

“एक नियम,” बाई म्हणाल्या. “या प्रवेशात राजाला आणि दरबाऱ्यांना संवाद नाहीत. कुणी बोललं तर पद पहिल्यापासून घ्यावं लागतं. माझ्यात आता तेवढं बळ नाही.”

“आन् आमचा संवाद कवा हाय?” आप्पांनी विचारलं.

“तुमचा संवाद पडदा पडल्यावर.”

बाईंनी डोळे मिटले. पहिला सूर बारीक निघाला, दोऱ्यासारखा. मामांनी पेटीचा सूर हलक्या हाताने तिच्या मागे ठेवला. मग हळूहळू आवाज रुंद झाला आणि पहिलं कडवं संपेपर्यंत मांडव भरला. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी त्या थांबल्या. मी नकळत मांडवाच्या दाराकडे पाहिलं. तेवढ्यात दरबारातल्या प्रगतशील शेतकऱ्याचा मोबाईल खणखणला. राजाने सिंहासनावरून नुसती मान वळवली. त्या माणसाने मोबाईल मांडीखाली घालून त्यावर बसून घेतलं.

आणि बाईंनी दुसरं कडवं उचललं. पुढ्यात बसलेली एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, “गप ऱ्हावा आता.” मी बोलतही नव्हतो, पण माझी ख्याती तशी आहे. शेवटची तान थोडी खरखरली, बाईंनी ती न लपवता तशीच खाली उतरवली, जपून, जिन्यावरून पातेलं उतरवावं तशी. संपलं. एका पाठीलाही त्यांच्याकडे वळायचं सुचलं नव्हतं. लोकांनी ‘वन्स मोअर’ मागितला, तेव्हा बाईंनी हसून गळ्यावर हात ठेवला आणि मग तोच हात हवेत हलवून निरोप दिला. पाहुणा गेला होता.

टाळ्या ओसरल्या, तरी दरबार तसाच बसलेला. आप्पांनी ओठांच्या कोपऱ्यातून मला विचारलं, “सर, पडदा कवा पडतोय?”

“आप्पा, आपल्या मांडवाला पडदाच न्हाई.”

आप्पांनी विचार केला. खिशात चार पानी भाषण होतं, मला ते बाहेरून दिसत होतं. मागून एक दरबारी हळूच म्हणाला, “बोला की आप्पा, कोण बघतंय.”

“गप बे,” आप्पा म्हणाले. “शब्द दिलाय त्यांला.” आणि बाईंना मुजरा करून ते न बोलता स्टेज उतरले. त्यांच्यामागून ओळीने सगळा दरबार. गावाच्या इतिहासात अध्यक्षीय भाषण न झालेला तो पहिला कार्यक्रम, आणि आप्पा त्याबद्दल आजही स्वतःहून लोकांना सांगतात.

परत बीडला जाताना बाईंच्या घशातून अक्षर निघत नव्हतं. गरम पाण्याचा थर्मास मांडीवर धरून त्या मजेत बाहेर बघत होत्या. पद पुरं झालं का, असं मी विचारलं. त्यांनी दोन्ही तळवे पुस्तकासारखे उघडले आणि अलगद मिटले. मग त्यांना उत्साह आला आणि त्यांनी हातांनीच सगळ्यांची परीक्षा घेतली. आप्पा: अंगठा आणि तर्जनी जुळवून एकदम फर्स्ट क्लास. पेटीवाले मामा: बोटं जरा घाईत.

“आणि मी?” मी विचारलं.

त्यांनी उजवा हात पुढे केला, मुठीत माईक धरल्यासारखा. मग डाव्या हाताची चोच केली आणि ती माईकसमोर उघडमीट करायला लागल्या. मांजरसुंब्याचा घाट संपेपर्यंत ती चोच मिटली नाही.