जनकाबाईंची माती

जनकाबाई इंगळे लग्न होऊन खामगावात आल्या, नांदल्या, सासू झाल्या. पण त्यांच्या दारात कुणाला साधं सदाफुलीचं रोपही कधी दिसलं नाही. फरशी मात्र अशी लख्ख, की पाहुण्याला पाय ठेवायचा संकोच वाटावा.

याला कारण होतं. त्यांचं माहेर डोणगावकडचं. हातात खुरपं धरता येऊ लागलं तेव्हापासून जनका आईच्या मागे लोकांच्या वावरात निंदायला जायची. नखांत माती, टाचांच्या भेगांत माती, आणि दिवसभर कंबर मोडूनही त्या मातीतलं ढेकूळसुद्धा आपलं नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर असलेल्या गुलाबरावांचं स्थळ आलं तेव्हा तिनं मैत्रिणींना सांगितलं होतं, "शहरात चालली मी. आता ह्या हाताले माती लागू देत नाही." शब्द दिला तो तिनं पाळलाही.

मग घरात सून आली, समता. शाळेत शिकवणारी, चटपटीत, गोड बोलून काम करून घेणारी. मोहल्ल्यातल्या बुद्धविहाराच्या स्लॅबवर, म्हणजे गच्चीवर, दर रविवारी श्रद्धाताई नावाच्या बाई बायकांना चुंगडीत, म्हणजे पोत्यात, भाजी कशी लावायची, भांड्यांचं पाणी झाडांना कसं वळवायचं, ओल्या कचऱ्याचं खत कसं करायचं, ते शिकवत. समता तिथे रमली. बघता बघता घराच्या स्लॅबवर सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्यांत मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर आणि वांग्याची रोपं डोलू लागली.

"आई, एकदा चाला नं रविवारी माह्यासंगं."

"मी नाही येत बाप्पा. माती चिवडाले आली का मी शहरात?"

समतानं पुन्हा आग्रह केला नाही. दिवाळीच्या आधी ती बाळंतपणासाठी लोणारला माहेरी निघाली. जाताना तिनं चुंगड्या सासऱ्यांवर सोपवल्या आणि खताची बकेटही दाखवून ठेवली. बकेटीला गुलाबरावांनीच ड्रिल मशिननं चहूबाजूंनी भोकं पाडून दिली होती. स्वयंपाकघरातली सालं, देठं, चहाचा चोथा त्या बकेटीत जायचा.

गुलाबराव जीव लावणारा माणूस. जीव लावून लावून त्यांनी मेथी पाण्यात बुडवून मारली. बकेटीतही, सुकून जाईल या काळजीनं, रोज तांब्याभर पाणी ओतत राहिले. आठवड्याभरात असा वास सुटला, की शेजारच्या अन्नपूर्णाबाई नाकाला पदर लावून दारात उभ्या.

"जनकाबाई, काय मेलं वो तुमच्या स्लॅबवर? माह्या घरात जेवण जाऊन नाही राह्यलं कोणाले!"

गल्लीत जनकाबाईंच्या स्वच्छतेचं नाव होतं. असं कुणी कधी त्यांना बोललं नव्हतं. कान लाल झाले. त्या तरातरा वर गेल्या, बकेटीचं झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे सरल्या. आत काळा चिखल, त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या.

"अवो, काय करून ठेवलं हे तुम्ही?"

"खत करून राह्यलो," गुलाबराव चाचरत म्हणाले.

"फेकून द्या आत्ताच्या आत्ता!"

"सूनबाईनं ठेवाले सांगतलं. ती आल्यावर काय सांगू मी तिले?"

जनकाबाईंनी झाकण पुन्हा लावलं. पोर अवघडलेल्या अंगानं वाकून वाकून त्या बकेटीत सालं टाकायची, ते त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. रविवारी त्या विहाराच्या स्लॅबवर गेल्या, पण सतरंजीवर बसल्या नाहीत. जिन्याच्या दारातच उभ्या राहिल्या.

"या मावशी, बसा ना," श्रद्धाताई म्हणाल्या.

"बसाले नाही आली मी. आमची बकेट काऊन घाण मारते, एवढंच सांगा."

बायका हसल्या. श्रद्धाताईही हसल्या, पण लगेच उठून जवळ आल्या. "पाणी जास्त झालं असेल. माझी पहिली बकेटही अशीच वास मारत होती, सासूबाईंनी मला बकेटीसकट अंगणात काढलं होतं. पाणी टाकू नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला भरपूर घाला, काडीनं वरखाली करा. रोज करायचं मात्र."

जनकाबाईंनी गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबाखालचा पाला पोतं भरून आणला. काडी लांब घेतली, पदर नाकाशी घट्ट बांधला आणि ढवळायला लागल्या. हाताला काही लागू दिलं नाही. पहिले दोन दिवस जेवण गेलं नाही. मग वास मंदावला, अळ्या दिसेनाशा झाल्या. सकाळी चहा झाला की त्यांची पावलं आपसूक जिन्याकडे वळू लागली. झाकण काढल्यावर आतून कोमट वाफ यायची. कचरा स्वतःच गरम होतो, याचं त्यांना इतकं नवल वाटलं, की गुलाबरावांना हात धरून दाखवायला नेलं.

"पाहा, ताप आल्यावानी अंग तापलं याचं."

"मंग पट्ट्या ठेव पाण्याच्या," गुलाबराव म्हणाले.

"पाण्याचं नावच काढू नका तुम्ही!"

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी त्यांनी झाकण काढलं आणि काडी तशीच हातात राहिली. आत साल नव्हतं, देठ नव्हतं. काळंभोर, मोकळं, भुरभुरीत काहीतरी होतं. वास आला तो नांगरलेल्या वावराचा. डोणगावकडं पहाटे बांधावर उभं राहिलं की यायचा, तसाच. त्या कष्टांच्या दिवसांत तेवढी एकच गोष्ट फुकट मिळायची.

जनकाबाई खाली बसल्या. त्यांनी हात आत घातला, मूठ भरून बाहेर काढली. बराच वेळ खाली आल्या नाहीत, तेव्हा गुलाबराव घाबरून वर आले.

"अवं, काय झालं?"

"माती झाली," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "आपल्या घरातली आहे. मी केली."

गुलाबराव शेजारी बसले आणि त्यांनीही हात घातला.

त्या मातीत जनकाबाईंनी पुन्हा मेथी पेरली. पाणी आपल्याच हातानं शिंपडलं, बेतानं. पहिली जुडी निघाली ती पदराखाली घेऊन त्या अन्नपूर्णाबाईंच्या दारात गेल्या.

"तुमचं जेवण बुडवलं होतं नं आम्ही. घ्या."

अन्नपूर्णाबाई ओशाळल्या. "बोलण्याच्या भरात बोलली मी, मनावर नका घेऊ." मग मेथी हुंगत हळूच म्हणाल्या, "मले शिकवान का वो?"

समता लेकीला घेऊन लोणारहून परतली, तेव्हा स्लॅबवर चुंगड्या दुप्पट झाल्या होत्या. भांडी धुतलेलं पाणी गुलाबरावांनी बसवलेल्या नळीतून खाली दारातल्या अंबाडीच्या वाफ्याकडे जात होतं, आणि दोन स्लॅबांमधल्या कठड्यावरून जनकाबाई नि अन्नपूर्णाबाई कुणाचा पाला जास्त वाळला यावर भांडत होत्या.

"आई, तुम्ही?" समता बघतच राहिली.

"जोरात नको बोलू, पोरगी उठीन," म्हणून जनकाबाईंनी हात धुतले आणि नात मांडीवर घेतली. नखांच्या कडांना काळी रेघ राहिली होती. त्यांनी ती पाहिली, पण पुन्हा उठून धुवायला काही गेल्या नाहीत.

येत्या रविवारी विहारात बकेटीचं सगळं त्यांनीच सांगायचं ठरलं आहे. चारचौघांत बोलायची सवय नाही, म्हणून दोन दिवसांपासून त्यांना धास्ती आहे. काय सांगू, असं त्यांचं समताला दहादा विचारून झालं.

"घाण कशी सुटली, तिथून सुरू करा," समता म्हणाली.

"ते तुह्या सासऱ्याले सांगू दे," जनकाबाई म्हणाल्या आणि नातीला थोपटू लागल्या.