लांबून घेतलेलं माप

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आमच्या वर्कशॉपमध्ये कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे 'फौजदार' म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. बसगाड्या दुरुस्त करायचं मोठं वर्कशॉप आहे. मी तिथे सीटची कव्हरं शिवते, जाऊबाई वेल्डिंग करतात. सांगाडा गंजला, पायरी निखळली, की हाक पडते, "फौजदारांना बोलवा." मग त्या येतात आणि कमरेवर हात ठेवून गाडीकडे अशा बघतात, की गाडीलाच वाटावं आपल्या हातून काहीतरी गुन्हा घडलाय. त्यांनी जोडलेलं पुन्हा सुटल्याचं मी ऐकलेलं नाही. सुटलं असतं तरी त्यांच्या तोंडावर सांगायची कोणाची छाती झाली नसती, ती गोष्ट वेगळी.

तर अशा बाईला वेल्डिंगवरून काढायला निघाले होते. का? तर म्हणे कपडे अंगाला बसत नाहीत! बाई कामाला कच्ची नाही, उशिरा येत नाही, कोणाशी भांडत नाही... बरं, भांडते. पण काढायचं कारण काय, तर कपडे. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आता हे कपडे म्हणजे काय, ते ऐका. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना बॉयलर सूट मिळतो. शर्ट-पँट एकत्र शिवलेली, पुढे चेन. तो शिवलेला पुरुषांच्या मापाने. बाई घालायला गेली की खांदे मोठे, बाह्या बोटांच्या पुढे, आणि कमरेखाली मात्र असा घट्ट की वाकायची सोय नाही. वाकता यावं म्हणून दोन साइज मोठा घ्यावा, तर खांद्याची शिवण दंडावर येते आणि पँटची बैठक गुडघ्याशी लोंबते. मग बाह्या दुमडा, पाय दुमडा, कमरेला दोरी बांधा. शिवाय बाथरूमला जायचं तर गळ्यापासून सगळं उतरवायचं, आणि बाह्या ओल्या फरशीला लागू नयेत म्हणून दातात धरायच्या. हो, दातात! त्यापायी आमच्या निम्म्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. पण हे साहेबांना कोण सांगणार?

वेल्डिंगला तर दुमडलेली बाही म्हणजे घातच. जाऊबाई गाडीखाली आडव्या होऊन डोक्यावरचा जोड मारत होत्या. ठिणगी पडली ती सरळ बाहीच्या दुमडीत जाऊन बसली. हातातलं काम अर्धवट टाकणं त्यांच्या स्वभावात नाही. जोड पुरा केला आणि मग ओरडल्या. तोवर मनगट चांगलंच पोळलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. आमचे साहेब तसे वाईट नाहीत. बोलतात गोड, आणि तोच तर त्रास आहे.

"फौजदार, तुमच्या काळजीपोटीच सांगतो. बायकांना हे सूट बसत नाहीत, अपघात होतात. तुम्ही स्टोअरमध्ये बसा. पंखा आहे, खुर्ची आहे. नट-बोल्ट द्यायचे, सह्या घ्यायच्या."

जाऊबाईंनी पट्टी बांधलेला हात वर केला. "साहेब, हात भाजला माझा, पण भाजला तुमच्या सुटामुळे. मग बदली त्या सुटाची करा ना, माझी कशाला?"

साहेब हसले, कारण बाकीचे हसले. पण जाऊबाई हटेनात. रोज जाऊन केबिनच्या दारात उभ्या. शेवटी कंटाळून साहेब म्हणाले, "ठीक आहे. बायकांच्या मापाने सूट शिवून घेऊ. पण एकदाच हं. ते नीट बसले तर राहा वेल्डिंगवर. नाही बसले तर मुकाट्याने स्टोअर."

त्या दिवशी घरी येताना जाऊबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना बघतेय. सासूबाईंनी घर ताब्यात दिलं तेव्हाही त्या एवढ्या खूश झाल्या नव्हत्या.

मग आला माप घेणारा. सूट पुरवणाऱ्यांचा माणूस. गळ्यात टेप, अंगावर कडक इस्त्री. कँटीनमध्येच टेबल मांडून बसला, आणि तेही ऐन चहाच्या सुट्टीत. आजूबाजूला टायरवाले, इंजिनवाले, सगळे कप घेऊन उभे. आम्ही बायका रांगेत. हा गृहस्थ जागचा उठेना.

म्हणाला, "मी तुम्हा सगळ्यांना बहिणीसारखं मानतो. अंगाला हात लावणार नाही. आपापली मापं सांगा, मी लिहून घेतो."

वा रे बहिणी मानणारा! अहो, मी बसची सीट शिवते. रेक्झिन कापायच्या आधी सीटला चारही बाजूंनी टेप लावते, पाठीचा बाक वेगळा मोजते. सीट कधी तक्रार करायला येत नाही, तरी मोजते. आणि जिवंत बाईचं माप हा लांबून घेणार, तोंडी! मोजायला एखादी बाई आणायची, आडोसा करायचा, हे याच्या डोक्यातही आलं नाही.

"हं, छाती?" त्याने मोठ्याने विचारलं. टायरवाल्यांपैकी एकाला चहाचा ठसका लागला. त्याला ठसका कशाचा लागला, ते आम्हाला चांगलं कळलं. रांगेत पहिली होती पेंटरबाई. तिने मान खाली घालून काहीतरी आकडा पुटपुटला. तेवढ्या मापाची तर तिची शाळेतली पोरगी असेल! मागच्यांनी तोच कित्ता गिरवला. कंबर विचारली की चार इंच गायब, त्याखालचं विचारलं की सहा. मी काडी, मला लपवायला काही नव्हतंच, म्हणून माझं तेवढं खरं निघालं.

आणि मग जाऊबाई. ज्यांचा आवाज गाडीच्या टपावरून गेटपर्यंत जातो, त्यांचा आवाज मला शेजारी उभं राहून ऐकू येईना. त्यांनीही खोटाच आकडा सांगितला. घरी त्यांचे कपडे मीच शिवते, मला खरा आकडा पाठ आहे. पण करणार काय? तिथे सगळ्यांदेखत त्यांची चूक दुरुस्त करू?

वाटेत मात्र विषय काढला. "जाऊबाई, तो सूट चढायचा नाही तुम्हाला."

"चढेल गं. शिवणारे सैल ठेवतातच दोन-चार इंच," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता भराभर पुढे चालत राहिल्या.

सगळ्याच जणी तसंच धरून चालल्या होत्या. शिवणाऱ्यांनी काही सैल ठेवलं नाही. सूट आले ते बोललेल्या मापाचे. पेंटरबाईची चेन पोटाशी अडकली ती ना वर जाई ना खाली. एकीला बसताच येईना. जाऊबाईंनी श्वास कोंडून कसाबसा चढवला आणि साहेबांना दाखवायला डोक्यावरचा जोड मारतात तसे दोन्ही हात वर केले. टर्र! मानेपासून कमरेपर्यंत पाठ उसवली.

तो माप घेणारा साहेबांच्या शेजारीच उभा होता. "आम्ही दिलेल्या मापाने शिवलंय, साहेब. बायकांचं असंच असतं. यांची मापं रोज बदलतात."

"मी म्हटलं नव्हतं?" साहेब म्हणाले. "मी माझ्याकडून प्रयत्न केला. फौजदार, उद्यापासून स्टोअर."

जाऊबाई उसवलेल्या पाठीने तशाच उभ्या होत्या. चेहरा लाल. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अगं, तुझी टेप काढ."

"इथे?"

"इथेच. लाव मला. आणि आकडा मोठ्याने सांग."

"जाऊबाई, सगळे बघतायत..."

"मी सांगतेय ना तुला? लाव!"

आवारात सगळं वर्कशॉप जमलेलं. छातीला टेप लावली, आकडा म्हटला. कमरेला लावली, म्हटला. त्याखाली लावली आणि आकडा हळूच पुटपुटले, तर मला थांबवून त्यांनी स्वतःच वाकून टेप वाचली आणि आकडा ओरडून सांगितला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"कोणाला हसू येतंय? या पुढे. तुमच्या पोटाचंही घेऊ," जाऊबाई म्हणाल्या. कोणी पुढे आलं नाही. मग हात वर करून पाठीचं माप, वाकून पाठीचं माप, खांद्यापासून बैठकीपर्यंतचं माप. सगळी त्यांनी मला घ्यायला लावली. ती संपली तशी पेंटरबाई कोणी न बोलावता येऊन उभी राहिली, आणि तिच्यामागे बाकीच्या. माप घेणारा खाली मान घालून लिहीत सुटला.

"मग त्या दिवशीच खरं का सांगितलं नाहीत?" साहेब चिडले होते. "सगळ्यांचा वेळ वाया घालवलात!"

"कारण त्या दिवशी ऐकायला सगळे होते, साहेब," जाऊबाई म्हणाल्या. "मोजायला कोणीच नव्हतं."

साहेबांनी माप घेणाऱ्याच्या हातातला कागद ओढला आणि नव्या मापांखाली सही केली. सूट पुन्हा शिवून आले, मागे कमरेशी आडवी चेन लावलेले, म्हणजे बाथरूमला गळ्यापासून उतरवायला नको, आणि झकास बसले. जाऊबाई आजही वेल्डिंगवर आहेत. वर्कशॉपमध्ये नवीन कोणी आलं की हा किस्सा रंगवून सांगतात, फौजदारांनी साहेबांची कशी जिरवली म्हणून. सगळे टाळ्या पिटतात. मी पिटत नाही.

कारण त्या संध्याकाळी घरी जाताना जाऊबाई माझ्याबरोबर होत्या, बाकीच्यांबरोबर नव्हत्या. उसवलेल्या पाठीवर माझी शाल घेतलेली. कोपऱ्यावर आलो आणि त्या थांबल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"उद्यापासून त्या टायरवाल्यांना माझ्या अंगाचा इंच न् इंच पाठ असेल गं."

"असू दे. काम राहिलं ना तुमचं?"

"राहिलं," त्या म्हणाल्या. "पण काम टिकवायला एखाद्या पुरुषाला असं उभं केलेलं बघितलंयस कधी?"