तुपाचा तपास

संयमासारखं दुसरं औषध नाही. हे वाक्य आमच्या घरात ऐंशी सालानंतर कधीतरी, वडिलांच्या रक्ताच्या रिपोर्टाबरोबर आलं. औषध वडिलांनी घ्यायचं आणि नजर बाकीच्यांनी ठेवायची, अशी कामाची विभागणी झाली.

त्यांच्या छातीत एकदा कळ येऊन गेली होती. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल हा शब्द असा काही उच्चारला, की आईने नमस्कार करायचाच काय तो बाकी ठेवला. तूप, लोणी, अंड्याचा बलक, तळलेलं, सगळं बंद. "तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. उतरलं नाही, तर मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे न्यावं लागेल."

आईने करडईचं तेल आणलं आणि तेही चमच्याने मोजून वापरायला लागली. वडिलांच्या पोळीला तुपाचं बोट लागेनासं झालं. तीन महिन्यांत त्यांचा चेहरा उतरला. आकडा उतरला नाही.

डॉक्टर आईकडे बघून म्हणाले, "पेशंट बाहेर खातो."

वडील नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात होते. तिथे सुटताना फाटकावर झडती व्हायची. आता घरी पोचल्यावर दुसरी व्हायला लागली. आई रुमाल हुंगायची.

"भज्यांचा वास येतोय."

"अगं, बसमध्ये शेजारी बसलेल्याचा असेल."

"रोज तोच बसतो वाटतं शेजारी!"

"फाटकावरचे शिपाई बरे. काही सापडलं नाही, की सोडून तरी देतात."

माझाही वडिलांवर विश्वास नव्हता. एका रविवारी ते पाय मोकळे करायला म्हणून निघाले, तेव्हा मी अंतर ठेवून मागे गेलो. मिसळीच्या दुकानासमोर ते थांबले, कढईकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि घरी परतले. मला ते जास्तच संशयास्पद वाटलं.

मग ते एका लग्नासाठी कळवणला गेले. आईने देवापुढचं नैवेद्याचं ताट उचललं आणि माझ्यापुढे ठेवलं. एरवी हे ताट वडील घेत, आमच्या आधी, पाटावर बसून, आणि त्यात कुणी डोकावत नसे. भाताच्या मुदीवरून साजूक तूप ओघळून खाली वरणात तरंगत होतं.

"आई, हे तूप?"

"मग देवाला कोरडा भात दाखवू?"

"पण बाबांना बंद आहे ना?"

"जेवणातलं बंद आहे. हा प्रसाद आहे. प्रसादाने कुणाला काही झालेलं ऐकलंयस का तू?"

वडील परतल्यावर त्यांना विचारलं. ते म्हणाले, "प्रसादाला नाही म्हणू नये." इतके भाविक ते त्याआधी कधी दिसले नव्हते.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पथ्याच्या यादीत 'प्रसाद' लिहिलं आणि पुन्हा खोडलं. त्यांच्याही घरी देव असावेत.

देवाचं तूप तोडायला आई तयार झाली नाही. ताट दुसऱ्याने घ्यायला मात्र तिची हरकत नव्हती. पुढच्या खेपेला वडिलांचा आकडा खाली आला, मुंबई टळली आणि पथ्याचा महिमा नातेवाइकांत गाजला. नैवेद्याचं ताट तेव्हापासून आई घ्यायला लागली. तिचं रक्त कधी कुणी तपासलं नाही.