दात हलले पाहिजेत

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी होती. ती त्यांनी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "बाई, दात सरळ आले आहेत. पण त्यांना धरायला हाड उरलेलं नाही."

पहिलं वाक्य ऐकून मी हसले होते. दुसरं कानावर आलं तेव्हा ते हसू तसंच तोंडावर राहिलं, आणि ते मिटवावं कसं तेच मला कळेना.

याला बोन रिझॉर्प्शन म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे हाड झिजणं. जबड्यात प्रत्येक दाताची एक खोबण असते. तिच्या कडा झिजत गेल्या की दाताचा आधार जातो. फिल्मवरची एक फिकट रेघ, म्हणजे हाडाची कड, त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं दाखवली. ती दाताच्या गळ्याशी असायला हवी होती, ती मुळाच्या निम्म्यावर जाऊन पोचली होती. वरचे पुढचे चारही दात तसेच. "हे राहतील की जातील, आज सांगता येत नाही," ते म्हणाले.

हे नागपूरला घडलं. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी होतं. मी सत्तावीस वर्षांची, अर्जुनी मोरगावजवळच्या एका गावात मुलींच्या शाळेवर मास्तरीण. मोठ्या वयात दात सरळ करायला ज्यांनी तार लावली आहे, किंवा लावायचं मनात आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. तार लावूच नका असं मी म्हणणार नाही. माझं जे झालं ते एकट्या तारेनं झालं नाही.

माझे दात पहिल्यापासून पुढे. ओठ मिटायचे नाहीत. मुली पाठीमागे मला फावडीबाई म्हणत. मला ते कळायचं, आणि त्या दिवशी त्यांना गणितं जास्त पडायची. दोन ठिकाणचे पाहुणे बघून गेले, पुन्हा काही आले नाहीत. अशात दाढ दुखते म्हणून नागपूरला गेले, तर हे डॉक्टर भेटले. विलायतेत शिकून आलेले. म्हणाले, हे दात या वयातही मागे घेता येतात. मला तर देवच भेटल्यासारखं झालं.

त्यांनी ऑर्थोडोंटिक प्लेट बसवली. म्हणजे टाळूला चिकटून बसणारा एक गुलाबी तुकडा, त्यातून निघून दातांवरून गेलेली तार, आणि तारेला ताण द्यायला रबराची बारीक कडी. "कडी रोज बदला," ते म्हणाले. "हळूहळू दात हलले पाहिजेत. हलले नाहीत तर मला लिहा."

दोन महिन्यांनी एकदा जाऊन दाखवून आले. पुढे पावसाळा लागला. छोट्या लाइनच्या गाडीनं गोंदिया, तिथं गाडी बदलून नागपूर, म्हणजे शाळेचे दोन दिवस बुडणार. डॉक्टर म्हणाले होते, पत्रानं कळवत राहिलात तरी चालेल.

तिसऱ्या महिन्यात जिभेला दात हलताना लागले. मला कोण आनंद झाला. आईला जिभेनं हलवून दाखवले. ती मात्र भाताचं ताट पुढे ठेवता ठेवता थांबली.

"काऊन वो, तुये दात ढिल्ले होऊन रायले. हे कायले करून रायली तू?"

"ते हलायलाच पाहिजेत, आई. डॉक्टरांनीच सांगितलं आहे."

मी शिकलेली ना. आईला काय कळतं? मी कार्ड घेतलं आणि शाळेच्या फळ्यावर काढते तशा अक्षरात लिहिलं, 'दात उत्तम हलत आहेत.' उत्तर आलं, 'वाचून समाधान वाटलं. असंच चालू ठेवा.' मला आणखी चेव आला. मी एका कडीऐवजी दोन लावायला लागले. हिरड्यांतून रक्त यायचं, पण ते लहानपणापासून यायचं. त्यात लिहिण्यासारखं काय, म्हणून लिहिलं नाही.

असे पाच महिने गेले. मग एक दिवस केळं खाताना दात दुखला. केळं खाताना. तेव्हा कुठे मी नागपूरची गाडी धरली.

फिल्म खाली ठेवून डॉक्टरांनी माझी कार्डं काढली. "तुम्ही तर लिहिलंत, हलत आहेत म्हणून."

"हलतच होते."

त्यांनी माझ्या पुढच्या दाताला बोट लावलं. दात आत गेला आणि बाहेर आला. "असे?"

"असे."

त्यांनी चष्मा काढला. त्यांना म्हणायचं होतं की दात जागेवरून सरकले पाहिजेत. विलायतेत शिकलेलं त्यांनी मराठीत आणलं आणि त्याचं हलणं झालं. "थोडे सैल होतातच, पण इतके नाही. शब्द माझा चुकला," ते म्हणाले. "आणि तुमच्या हिरड्यांत पायोरिया आहे, म्हणजे पू धरणारा जुना रोग. तो मी आधी बघायला हवा होता."

समोरचा हत्यारांचा ट्रे उचलून भिरकावावा असं वाटलं. पण दोन कड्या कोणी लावल्या होत्या? आईला गप्प कोणी बसवलं होतं? आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला बोलणार?

प्लेट निघाली. हिरड्या खरवडून साफ केल्या, त्याला स्केलिंग म्हणतात. चारही दात शेजारच्या सुळ्यांना बारीक तारेनं बांधले. हे स्प्लिंट. मोडक्या हाताला खपच्या बांधतात तसंच. सहा महिने पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही, त्यांना हात लावायचा नाही.

"हाड परत येईल?" मी विचारलं.

"गेलेलं येत नाही. आहे तेवढं टिकलं तर मिळवलं."

ते सहा महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी जीभ दातांकडे जायची. चारही आहेत ना? मग भीती, की जिभेच्या धक्क्यानंच पडतील. पेज, आंबील, पुन्हा पेज. वर्गात वाचून दाखवायला उभी राहिले तर त, द, न, स, जे अक्षर घ्यावं ते दातांशीच. मी मुलींना वाचायला लावून खुर्चीत बसून राहायची. सत्तावीस वर्षांची बोळकी बाई कोणी पाहिली आहे का? चार दातांपायी मला मरावंसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं. आई आमच्याकडच्या प्रतापगडला जाऊन आली. महादेवाला नारळ फोडला आणि दर्ग्यावरही माथा टेकला. मला तेव्हा त्याचा रागच आला.

पाचव्या महिन्यात डावीकडच्या दाताची हिरडी सुजली. मी कार्ड काढलं. 'सविनय नमस्कार, प्रकृतीत किंचित' इतकं लिहिलं आणि फाडून टाकलं. दुसऱ्यावर लिहिलं, 'डॉक्टरसाहेब, डावीकडला दात ढिल्ला होऊन रायला. त्याच्यातून पू येऊन रायला. मले लय भेव लागून रायला.' मास्तरीण असून असं लिहिताना कानशिलं तापली. उलट टपाली एका ओळीचं उत्तर आलं, 'मिळेल त्या गाडीनं या.'

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना कवळी बसवायला आलेली म्हातारी माणसं होती. एकानं प्रेमानं विचारलं, कोणाला घेऊन आलीस बेटी? मी पदर तोंडावर ओढून घेतला.

तो दात काढावा लागला. ओढावा लागलाच नाही, चिमट्यात सहज आला. दुखलं नाही याचंच मला रडू आलं. मग डॉक्टरांनी बाकीच्या तिघांची नवी फिल्म काढली, जुनीच्या शेजारी धरली. "रेघ जिथं होती तिथंच आहे."

"किती वर्षं टिकतील?"

"ते मला सांगता येणार नाही. तार मात्र बांधलेलीच राहील."

त्यांनी मला कधी खोटी आशा दाखवली नाही आणि स्वतःची चूकही झाकली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तुम्ही तार लावणार असाल तर आधी हिरड्या दाखवा, हाडाची फिल्म काढून घ्या. आणि डॉक्टरांना सांगायचं ते घरी आईला सांगता त्याच शब्दांत सांगा.

दात कापसात गुंडाळून मी घरी आणला. का आणला ते माहीत नाही. टाकवला नाही. आईनं हात पुढे केला. लहानपणी पडलेले माझे सगळे दात तिनंच घराच्या कवेलूवर, म्हणजे कौलांवर, फेकले होते. फेकताना उंदराला सांगायचं असतं, जुना घे, नवा दे. ती अंगणात जाऊन उभी राहिली. दात मुठीत, तोंड कवेलूकडे, आणि हात काही उचलेना. मी दारातून बघत होते. मला वाटलं, आता ही रडणार.

तिनं पदर खोचला आणि दात फेकला.

"नवा नाही मांगत, बापा," ती म्हणाली. "हे तीन राहू दे."