बहिऱ्यांना ऐकवलेले आकडे

आमची कंपनी श्रवणयंत्रं बनवते, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्या माणसांनी कानात घालायची यंत्रं. मी दुरुस्ती विभागात काम करतो. माझ्या समोरच्या टेबलावर बसणारी बाई कंपनीची वेबसाइट सांभाळायची. साहेबांनी कुचेष्टेनं तिचं नाव ‘चाळण’ ठेवलं होतं. ते तिला इतकं चपखल बसलं, की पुढे तीच फोन उचलून ‘हं, चाळण बोलतेय’ म्हणायची.

आमच्या गिऱ्हाइकांना फोन जमत नाही, हे सांगायला कुणी शहाणा लागत नाही. ते वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये लिहितात: यंत्र शिट्टी मारतंय, झाकण निघत नाही, सेल कुठे मिळतील. त्याच फॉर्ममधून कचराही यायचा, रोज दोन-तीनशे. टकलावर केस उगवणारं तेल, न काढलेल्या तिकिटाला लागलेली लॉटरी, मरायला टेकलेल्या कुण्या विधवेची तुम्हालाच द्यायची इस्टेट. हा कचरा अडवायला वेबसाइटला छोटे प्रोग्राम जोडतात, त्यांना प्लगइन म्हणतात. ते जोडायचे, तपासायचे आणि दर महिन्याला नवं रूप आलं की पुन्हा तपासायचे, हे चाळणीचं काम.

ती ते कसं करायची ते मी आठ वर्षं पाहिलं. तिच्याकडे साठ निरोपांची एक वही होती. तीस खोटे, तीस खरे. आधी वेबसाइटच्या सरावाच्या प्रतीवर ते साठही पाठवायची, मग खऱ्या साइटवर. खोटा आत आला तर तिच्या कपाळाला आठी पडायची. पण खरा बाहेर अडकला तर ती जेवायची नाही. एकदा एका माणसानं लिहिलं होतं, ‘ऐकू येत नाही ऐकू येत नाही ऐकू येत नाही.’ प्लगइननं तो निरोप कचऱ्यात टाकला. हिनं उचलून आणला. म्हणाली, “बिचाऱ्याला निरोप गेला की नाही ते कळलं नसेल. म्हणून तीनदा लिहिलं.” आणि खरंच तसं होतं.

साहेबांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण न कळणाऱ्या गोष्टीत निर्णय घेण्याची त्यांना भारी हौस. कुठल्याशा साइटवर ‘सिग्नल असलेली चित्रं निवडा’ या, समोर माणूसच आहे ना हे तपासणाऱ्या कोड्यात ते लागोपाठ तीनदा नापास झाले, आणि चित्रांवरून त्यांचं मन उडालं. त्याच आठवड्यात त्यांच्या मेहुण्यानं एक प्लगइन तयार केलं. दुधात साखर!

सोमवारच्या बैठकीत साहेबांनी ते दाखवलं. फॉर्म भरला की एक आवाज चार आकडे बोलणार, मागे खरखर. ते ऐकून टाइप करायचे, मगच निरोप जाणार. “कचरा पाठवणाऱ्या यंत्राला खरखरीतून आकडे ओळखता येत नाहीत,” साहेब म्हणाले, “माणसाला येतात.”

खोलीत आम्ही नऊ जण होतो. श्रवणयंत्रांच्या कंपनीत पोट भरणारे नऊ जण. आठांनी माना डोलावल्या. त्यात माझीही होती, हे लपवून काय उपयोग?

चाळण म्हणाली, “साहेब, आपल्या गिऱ्हाइकांना ऐकू येत नाही.”

“म्हणून तर आपलं यंत्र घेतात ना! यंत्र लावलं की येतं.”

“यंत्र बिघडलं म्हणूनच ते लिहितात.”

साहेब हसले. म्हणाले, “बाई, तुम्ही आधी तपासा, मग बोला.”

तिनं तपासलं. सरावाच्या प्रतीवर प्लगइन बसवलं. खोट्या तिसांपैकी तीसही अडले. मग तिनं आपल्या सासऱ्यांना बोलावून घेतलं. ते जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले, दोन्ही कानांत आमचीच यंत्रं. यंत्रं काढून तिनं त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. म्हाताऱ्यानं लुकलुकणाऱ्या बटणाकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “पोरी, हे काही म्हणतंय का?” सात वेळा बटण दाबलं. सातही वेळा अंदाजानं आकडे टाकले. निरोप गेला नाही.

तिनं हे सगळं दोन पानांत लिहून साहेबांना दिलं. साहेबांनी खोटे निरोप अडल्याची ओळ हिरव्या शाईनं अधोरेखित केली आणि बाकीच्याकडे कानाडोळा केला. “बाई,” ते म्हणाले, “तुमचं काम कचरा अडवणं. तो अडला. झालं!”

“अर्धंच झालं. खरा माणूस आत येतो की नाही, हे उरलेलं अर्धं.”

“नव्या गोष्टीची भीती वाटते तुम्हाला.”

प्लगइन खऱ्या साइटवर चढलं. पहिल्याच दिवशी कचरा शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. साहेबांनी जिन्यात फलक लावला आणि ते रोज स्वतःच्या हातानं त्यावर शून्य काढू लागले. इतक्या कौतुकानं शून्य काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तक्रारीही शून्य. “यालाच दर्जा म्हणतात,” ते कारखान्याच्या व्यवस्थापकाला म्हणाले, आणि त्यानंही मान डोलावली. माझ्या टेबलावर दुरुस्तीचं काम येईनासं झालं. मी इतका महामूर्ख, की मला वाटलं, यंत्रं सुधारली!

चाळण मात्र रोज नऊ वाजता प्लगइनची नोंदवही उघडायची. निरोप त्यात उतरत नसत. किती वाजता प्रयत्न झाला आणि फसला, एवढंच दिसे, कुणाचा ते नाही. कचऱ्याच्या धडाधड येणाऱ्या वेळा सोडून बाकीची प्रत्येक वेळ ती कागदावर लिहून घ्यायची. “हा बघा,” ती मला म्हणाली, “सकाळपासून अकरावा प्रयत्न. कचरा पाठवणारं यंत्र असं पाच-पाच मिनिटं थांबून करत नाही. हा माणूस आहे, आणि वैतागलाय.”

तिनं साहेबांच्या कानावर तीनदा घातलं. गाढवापुढे गीता.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी एक बाई जिना चढून आल्या. निवृत्त शिक्षिका, पाठीचा कणा पट्टीसारखा ताठ. दोन बस बदलून आल्या होत्या. साहेब फलकापाशीच उभे होते. बाईंनी पर्समधून यंत्र काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

“चौदा वेळा लिहिलं तुम्हाला!” बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्या म्हणाल्या. सगळा मजला बाहेर आला. “प्रत्येक वेळी म्हणतं, ऐका आणि लिहा. मी बहिरी आहे हो, मूर्ख नाही. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?”

साहेब त्यांना काहीतरी समजावू लागले. त्यांना अर्थातच ऐकू जाईना. बाईंनी पर्समधली वही पुढे केली. “लिहून द्या.”

साहेबांनी पेन उघडलं. काय लिहिणार? अर्धं मिनिट ते पेन हवेत धरून उभे होते, आणि ते अर्धं मिनिट आम्ही सगळ्यांनी डोळे भरून पाहिलं. शेवटी चाळणीनं वही घेतली आणि लिहिलं, ‘चूक आमची आहे. बसा. यंत्र आत्ता दुरुस्त होईल.’ मी ते वीस मिनिटांत केलं. आतली नळी मेणानं बुजली होती, एवढंच.

त्याच संध्याकाळी प्लगइन उतरलं. दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या फलकावर साहेबांचं पत्रक लागलं: ‘गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी व्यवस्थापनानं स्वतःहून घेतलेला निर्णय.’ खाली ओळ होती, की यापुढे चाचणी अधिक काळजीपूर्वक करण्याची समज संबंधित कर्मचाऱ्याला देण्यात आली आहे. पडले तरी नाक वर!

मी चिडलो. म्हणालो, “तुझी दोन पानं आहेत ना? तारखेसकट? नेऊन दाखव वर.”

“दाखवीन. आधी हे करू दे.”

तिनं विक्रीची यादी काढली होती. तिच्या कागदावर माणसांचे दोनशे चौदा प्रयत्न होते, कोण ते कळायला मार्ग नाही. म्हणून दोन वर्षांत यंत्र घेतलेल्या प्रत्येकाला ती एकेक पत्र लिहीत होती, कागदावर, टपालानं. ‘मागच्या तीन आठवड्यांत तुम्ही आम्हाला काही लिहिलं होतं का? ते आमच्यापर्यंत पोचलं नाही.’ सहाशे पत्रं. पाकिटं चिकटवायला मी बसलो. तेवढी तरी लाज मला होती.

दोन पानं तिनं पुढच्या सोमवारी बैठकीत वाचून दाखवली, तारखेसकट, एकही शब्द न वाढवता. या वेळी माझी मान नुसती डोलली नाही, मी उठून म्हणालो, “हे बाईंनी आधीच सांगितलं होतं, आणि आम्ही सगळे गप्प बसलो.” साहेबांनी पुढचा विषय काढला. माफी नाहीच. पण पत्रकातली ती ओळ दुपारी फलकावरून खोडली गेली, आणि पुढच्या आठवड्यापासून माझ्या टेबलावर बिघडलेल्या यंत्रांचा ढीग पुन्हा जमू लागला.