आठने भागायचं राहिलं

मी एक साधा भागाकार केला नाही, म्हणून माझ्या धाकट्या बहिणीचं अख्खं वर्ष वाया गेलं.

सुजाताला फिल्म एडिटिंगच्या कोर्सला जायचं होतं. प्रवेशासाठी स्वतः केलेली फिल्म पाठवायची, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. तिने ती आईवरच केली होती. परळच्या आमच्या चाळीतल्या एका खोलीत रोज पन्नास डबे भरणारी आई! महिनाभर डोळे फोडून पोरीने फिल्म जोडली. पाठवायचं माझ्याकडे, कारण घरातला कॉम्प्युटरवाला मी. (ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकला की मला बोलावतात, एवढंच.)

"दादा, तीन वाजले. पाठवूया?"

"अगं, फाइल तीन हजार एमबी, आपलं नेट शंभरचं. तीस सेकंदांचं काम! आधी फिल्मच्या शेवटी आभार घाल."

तिच्या डोक्यात फक्त आईबाबा होते. मी शहाणा गॅलरीत जाऊन सगळ्यांना सांगून आलो! शेजारचे तात्या धावतच आले.

"माझा नाव खंय आसा? डबे खाली कोण नेता?"

त्यांचं घातलं, तर समोरच्या काकू फुगल्या. मग मंडळाचे अध्यक्ष. मग माजी अध्यक्ष. (त्यांना अध्यक्षांच्या खाली नको होतं!)

"दादा, पाठवूया ना रे!"

"तीस सेकंद गं!"

पाचला दहा कमी असताना बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, उरलेला वेळ बावीस मिनिटं.

"सुरुवातीला असंच दाखवतं," मी हसून म्हणालो. दोन मिनिटांनी वीस दाखवलं, तेव्हा मला घाम फुटला. कनेक्शनवाल्याला फोन लावला.

"अहो साहेब, तुमचे शंभर ते मेगाबिट. फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठने भागायचं! आणि शंभर डाऊनलोडला. अपलोडला वीसच. प्लॅनवर लिहिलंय की!"

मी गॅलरीत जाऊन बोंब मारली, "सगळ्यांनी आमचं वायफाय सोडा रे!" (पासवर्ड मीच वाटला होता.) तरी आकडा काही पळेना. निम्मीही फिल्म गेली नव्हती, तेवढ्यात पाच वाजले आणि फॉर्म बंद झाला.

सुजाताने लॅपटॉप मिटला आणि आईबरोबर डबे घासायला बसली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वर्षभर ती हिंदमाताला साडीच्या दुकानात घड्या मोडत, घालत होती. संध्याकाळी ती दमून आली की मला तिच्याकडे बघवत नसे. अजूनही आठवलं की मन खातं.

पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. मला कळलं ते थेट हातात पेढा आल्यावर! फॉर्म कधी भरला, फिल्म कधी पाठवली, काही पत्ता नाही. आमच्या चाळीत कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हेसुद्धा लपत नाही. पण फिल्म सुखरूप पोचेपर्यंत मला काही कळू द्यायचं नाही, यावर अध्यक्ष आणि माजी अध्यक्ष यांचंही एकमत झालं होतं!